थोरल्या जावयानं निवडलेली बंदूक

माझ्या साडूबद्दल मला वाईट बोलता येत नाही, कारण बोलण्यासारखं काही सापडत नाही. अकरा वर्षं शोधतोय. दारू नाही, तंबाखू नाही, खोटं बोलणं नाही. माझी स्वतःची पोरंसुद्धा तो आला की त्याच्या अंगावर चढतात आणि मी आलो की अभ्यासाला बसतात. माणसाचा राग यायला काहीतरी कारण लागतं. ते कारण त्याने मला अकरा वर्षांत एकदाही पुरवलं नाही आणि माझ्या रागाचं मुख्य कारण हेच आहे.

मी जिंतूरला एका शाळेत चित्रकला शिकवतो. साडूचं परभणीला औषधाचं दुकान आहे. आमची सासुरवाडी बोरीची, म्हणजे त्याच रस्त्यावर, दोघांच्या मधे. माझी बायको थोरली लेक, त्याची धाकटी. म्हणून मी थोरला जावई आणि मान माझा मोठा, असं सगळे म्हणतात. पण पंगत बसली की सासूबाई तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून येतात आणि पहिली धार त्याच्या पानात पडते. तो दाराजवळ बसतो म्हणून, असं बायको म्हणते. एकदा मी लवकर जाऊन दाराजवळचा पाट धरला. त्या दिवशी सासूबाई अंगणातून फिरून दुसऱ्या बाजूने आल्या. तूप पुन्हा आधी त्यालाच.

हे सगळं फार क्षुल्लक आहे, मला कळतं. पण अकरा वर्षं दुसऱ्या नंबरचं तूप खाल्लेल्या माणसाने एवढं तरी बोलावं.

नेमबाजी मात्र माझी होती. आमच्या शाळेत एकदा फौजेतले एक निवृत्त हवालदार आले होते, मूळचे चारठाण्याचे. परभणीत एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांनी दहा मीटरची रेंज काढली आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पोरांना माहिती सांगून झाल्यावर त्यांनी शिक्षकांनाही हवेच्या बंदुकीचे पाच-पाच छर्रे मारू दिले. गणिताच्या सरांनी भिंत फोडली. मी पाचही छर्रे काळ्या गोलात घातले. मी फळ्यावर हातानेच वर्तुळ काढतो आणि पोरं मागून कंपास लावून बघतात, इतका माझा हात स्थिर आहे. उस्तादांनी तो कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "गुरुजी, रविवारी या की परभणीला."

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळच्या बसने जायला लागलो. बोरी, झरी मागे टाकत बस परभणीत शिरेपर्यंत मी मनातल्या मनात श्वास धरायचा आणि सोडायचा सराव करायचो. एकेचाळिसाव्या वर्षी मला अशी एक गोष्ट सापडली होती, जिच्यात मी चांगला होतो आणि जिच्याबद्दल बोरीत कुणाला काही माहीत नव्हतं. बायकोला मी बजावून ठेवलं की हे तुझ्या बहिणीला सांगायचं नाही. तिने सांगितलंही नाही. बहिणीने फोनवर विचारलं, "दाजी रविवारी कुठं असतेत?" तेव्हा तिने फक्त पत्ता दिला.

पुढच्या रविवारी गोदामाच्या दारात साडू उभा. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात सगळ्यांना पुरतील एवढ्या कचोऱ्या.

"साडूभाऊ, तुमी एकटेच मजा करायलाय व्हय?" तो म्हणाला आणि हसला. उस्ताद हसले, रेंजवरची कॉलेजची पोरं हसली, मीही हसलो.

उस्तादांनी त्याला दहा छर्रे दिले. पहिले दोन कागदाच्या बाहेर गेले. मला फार बरं वाटलं, लपवत नाही. मग उस्तादांनी त्याचा कोपर जरा आत सारला. उरलेले आठही काळ्यात बसले, आणि त्यातले तीन अगदी मधोमध. तो बंदूक खाली ठेवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुमच्याकडं बघून बघून मारलं." त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचं सगळंच खरं असतं.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मलाच माहीत. मी दर रविवारी जायचो, तो दुकानातून सवड मिळेल तसा, महिन्यातून दोनदा. मी घरी रोज सकाळी खराटा खांद्याला लावून भिंतीवरच्या ठिपक्यावर वीस मिनिटं नेम धरायचो. तो म्हणे दुकानात गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत पेंगायचा. मी चहा सोडला, कारण चहाने हाताला कंप येतो. तो थर्मास घेऊनच यायचा. आणि तरी आम्ही एकाच दिवशी मारलं की त्याचे दोन-तीन गुण जास्त. वीस नाही, दहा नाही. वीस असते तर मी हात जोडून घरी बसलो असतो. दोन-तीन गुणांनी मागे असलेल्या माणसाला ना सोडता येतं ना झोप लागते.

दिवाळीच्या आधी जिल्ह्याची स्पर्धा होती. मी मनाशी ठरवून टाकलं की या स्पर्धेत त्याच्या पुढे जायचं. मेडल मिळो न मिळो. अकरा वर्षांत एकदा, एका गोष्टीत, एका कागदावर माझं नाव त्याच्या वर असावं, एवढंच मला पाहिजे होतं.

उस्ताद म्हणाले, स्पर्धेत उतरायचं असेल तर स्वतःची बंदूक पाहिजे. रेंजवरच्या बंदुका दहा जण हाताळतात, प्रत्येक जण आपल्या डोळ्याप्रमाणे साईट फिरवून ठेवतो. आज नीट बसलेली बंदूक पुढच्या रविवारी परकी होते. हे ते साडूलाही म्हणाले असणार, कारण आठवड्याभरात ही गोष्ट बोरीला पोचली. आणि ते धोंड्याच्या महिन्याचं वर्ष होतं.

तीन वर्षांनी अधिक महिना आला की आमच्याकडे जावयांना जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात आणि काहीतरी वाण देतात. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि समानता या एका तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढलं आहे. दोन लेकी, दोन जावई, जे एकाला ते दुसऱ्याला. आमच्या दोघांच्या घरी एकाच रंगाचं कपाट आहे, एकसारखं घड्याळ आहे. एका वर्षी त्यांनी बूट आणले. मला नऊ नंबर लागतो, साडूला सात. सासऱ्यांनी दोघांना आठ आणले. मला ते चावले, त्याच्या पायातून निघाले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लय मस्त बसलेत आई." मी म्हणालो, चावतात. त्या दिवसापासून मी कुरकुऱ्या जावई झालो.

तर सासऱ्यांनी फोन केला. "यंदा दोघांना एकेक बंदूक घेऊ म्हणतो. हवेची हाय, लायसन लागत न्हाई, मी चौकशी केली. दोन्ही सारख्या पाहिजेत. आन् पसंती थोरल्या जावयाची. तुमी म्हणताल तीच दोघांला."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ आरशासमोर उभा राहिलो. अकरा वर्षांत थोरला जावई या शब्दांना पहिल्यांदाच काही वजन आलं होतं.

उस्तादांच्या ओळखीच्या एका दुकानदाराने पंधरा दिवसांसाठी दोन नमुने रेंजवर पाठवले. एक काळी, लांब दस्त्याची, पुढून जराशी जड. दुसरी तपकिरी, अक्रोडाच्या लाकडाची, दस्ता आखूड. दस्ता म्हणजे बंदुकीचा तो लाकडी भाग, जो खांद्याला लागतो आणि ज्यावर गाल टेकतो. परदेशी बंदुकांचा दस्ता म्हणे पेचाने कमी-जास्त करता येतो. यांचा नव्हता. जशी आहे तशी घ्यायची.

बंदूक पारखायची उस्तादांची एक रीत होती. ते नेम धरून मारायला सांगतच नाहीत. ते म्हणतात, डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, तुमच्या सोयीने उभे राहा. आता डोळे उघडा. मागच्या बारीक भोकातून पुढची कडी आपोआप मधोमध दिसली तर ती बंदूक तुमची. मान वाकवावी लागली, खांदा उचलावा लागला, तर परत ठेवून द्या. मग ती कितीही देखणी असो.

मी आधी तपकिरी घेतली. दिसायला फार सुंदर होती, लाकडाच्या रेषा नदीच्या पात्रासारख्या वळत गेलेल्या. डोळे उघडले तर समोर नुसता अंधार. कडी बघायला मला मान बगळ्यासारखी आत खेचावी लागली. मग काळी घेतली. डोळे मिटले, गाल टेकला, उघडले. भोकात कडी, कडीत लांबवरचा काळा गोल, तिन्ही एकात एक. मी हललोच नाही. माझे हात लांब आहेत, मान लांब आहे, शाळेत पोरं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे; आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाची वस्तू माझ्या हातात आली होती. उस्ताद बाजूला उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

तिथेच निकाल लागायला हवा होता. सासऱ्यांना फोन करायचा, काळी म्हणायचं, घरी जायचं. पण मी म्हणालो, आठवडाभर विचार करतो. कारण मला आधी बघायचं होतं की साडूला कोणती बसते.

साडू मधल्या वारी दुकान बंद करून रेंजवर येऊन गेला. मी शाळेत होतो. त्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन.

"साडूभाऊ, काळीच घ्या. डोळे झाकून घ्या."

"तुम्हाला बसली का?"

"काळीला तोड न्हाई," तो म्हणाला. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून केलेला. "काळीचं सांगितलं का मामांना? उशीर नका करू." रविवारी मी रेंजवर गेलो तर तो माझ्या आधीच आलेला. काळी बंदूक मांडीवर घेऊन फडक्याने पुसत होता. मला बघून त्याने ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "घ्या. तुमची."

आता इथे माझं डोकं कसं चाललं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण हे लिहायला बसलोय ते त्याचसाठी. मी विचार केला की माणूस उगाच एवढा आग्रह धरत नाही. याला काळी बसली आहे. मलाही काळी बसली आहे. मग दोघांच्या हातात काळी आली तर काय होणार? जे वर्षभर झालं तेच, हा दोन गुणांनी पुढे. पण दोघांनाही न बसणारी बंदूक दोघांच्या हातात आली तर? मग सोय संपली आणि मेहनत उरली. न बसणारी बंदूक अंगवळणी पाडायला चिकाटी लागते, रोज वीस मिनिटं खराटा धरावा लागतो, आणि तो खुर्चीत पेंगतो. तपकिरी घेतली तर मी जिंकतो.

उस्तादांना एका शब्दाने विचारलं असतं की साडूला कोणती बसली, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण विचारायचं कसं? मला त्याच्याबद्दल एवढी उत्सुकता का, हे त्यांच्या लक्षात आलं असतं. मी विचारलं नाही. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, तपकिरी.

मग साडूला कळवलं. फोनमध्ये त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"तपकिरी? नीट इचार केला ना, साडूभाऊ?"

"केला."

"तुमाला ती..." तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "बरं." त्याचा आवाज दाटल्यासारखा झाला होता. मी तो आवाज ओळखला, म्हणजे मला तसं वाटलं. आपल्याला हवं ते न मिळालेल्या माणसाचा आवाज मी स्वतः रोज ऐकतो. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

धोंड्याच्या जेवणाला बोरीला दोन्ही बंदुका चौरंगावर शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. सासऱ्यांनी टेपने मोजून खात्री केली की दोन्ही एकसारख्या आहेत. सासूबाईंनी दोन्ही दस्त्यांना हळदीकुंकू लावलं, नळीला दोरा बांधला, आणि एक बंदूक त्याच्या हातात दिली, दुसरी माझ्या. आधी त्याच्या. जेवताना साडू सारखा माझ्याकडे बघत होता, डोळे ओले. मला वाटलं, काळीचं दुःख अजून आहे. तुपाचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

त्यानंतरचे अडीच महिने मी तपकिरी बंदुकीशी लग्न लागल्यासारखा राहिलो. सकाळी खराट्याऐवजी ती. मान आत खेचायची, खांदा वर घ्यायचा, कडी शोधायची. पंधराव्या दिवशी माझी मान उजवीकडे वळेना. वर्गात पोरांनी उजव्या बाजूला काय वाटेल ते करावं, मला दिसत नव्हतं. बायको रोज मलम चोळून द्यायची. हे तिने बहिणीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जिंतूर बसच्या कंडक्टरजवळ साडूने एक ट्यूब आणि मानेचा पट्टा पाठवून दिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दिवसातून तीनदा. पट्टा बरोबर माझ्या मापाचा होता.

आणि साडूचे गुण वाढत होते. दोन-तीनचं अंतर आठवर गेलं, मग बारावर. तो बंदूक उचलायचा, गाल टेकवायचा आणि मारायचा. मधे काहीच नाही, मानेशी भांडण नाही, खांद्याशी नाही. मी त्याच्या शेजारच्या जागेवर उभा राहून ते ऐकायचो. त्याचे छर्रे एका तालात लागत होते. मला कळेना की न बसणारी बंदूक याच्या अंगवळणी इतक्या लवकर कशी पडली. हेही याला आपोआपच आलं का, या विचाराने माझा जळफळाट व्हायचा.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी तो आला नव्हता. उस्ताद माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"गुरुजी, एक इचारू का? काळी कामून सोडली तुमी?"

मी म्हणालो, तपकिरीचं लाकूड आवडलं. चित्रकलेचा माणूस मी.

उस्ताद हसले. "मला काय येडं समजता का? त्या दिशी तुमचे साडू आले. काळी लावली तर बिचाऱ्याचा हात पुरंना. तपकिरी लावली, डोळे उघडले, आन् कडी मधोमध. म्या म्हणलं, साहेब, ही तुमची. ते म्हणले, आन् थोरल्याला कोणती? म्या म्हणलं, थोरल्याला काळी, त्यात काय इचारायचं. मंग म्हणले, दोन्ही सारख्याच घ्यायच्या हायत. काळीच येऊ द्या. मी भागवून घेईन, त्यांचं मन हाय यात."

माझ्या हातात बंदूक होती. ती मी टेबलावर ठेवली.

"आन् तुमी बी तसलेच," उस्ताद म्हणाले. "त्यानं काळी काळी केलं ते तुमी बरोबर ओळखलं आन् त्याच्यासाठी तपकिरी घेतली. आता मान मोडून घ्यायलाय. म्या फौजेत लय बघितलं, पण साडू-साडूत असलं न्हाई बघितलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलं तेव्हा मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या, उस्ताद." आणि ते मी इतक्या नम्रपणे म्हणालो की उस्तादांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुखऱ्या खांद्यावर.

परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा राग आला तो त्याचाच. आपल्याला न बसणारी बंदूक जन्मभर वागवायला तो तयार झाला होता, तेही मला कळू न देता. असं कुणी करतं का? आठ नंबरचे बूटही त्याने असेच घातले असतील, सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून, पुढे कागद कोंबून. मी त्याच्या यशावर जळत होतो तोवर सोपं होतं. आता मी त्याच्या चांगुलपणावर जळायला लागलो, आणि त्याच्यावर सराव करून मात करता येत नाही. झरी गेलं, बोरी आलं, सासऱ्यांचं घर रस्त्यावरून दिसतं. मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवायला गेलो तर मान वळेना.

सासऱ्यांना सांगून माझी बंदूक बदलता आली असती. पण मग का बदलायची ते सांगावं लागलं असतं.

स्पर्धेत त्याला दुसऱ्या क्रमांकाचं मेडल मिळालं. माझं नाव यादीत एकतिसावं होतं. यादी भिंतीवर चिकटवली होती आणि मी दोन नावांमधलं अंतर बोटांनी मोजलं, एक वीत आणि चार बोटं.

दिवाळीच्या पाडव्याला बोरीला सगळे जमलो. मेडल देवापाशी ठेवलं होतं. पाट मांडले, पानं वाढली, सासूबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि साडूच्या पानाशी वाकल्या. साडूने हात आडवा धरला.

"आई, थांबा जरा. आधी सांगायचंय." तो उठून उभा राहिला. त्याला पंगतीत बोलायची सवय नाही. "हे मेडल माझं न्हाई. साडूभाऊला काळी बंदूक बसत होती. ते स्पर्धेसाठी वर्षभर राबत होते. तरी त्यांनी माझ्यासाठी तपकिरी घेतली, आन् कुणाला बोलले न्हाईत. उस्तादांनी सांगितलं मला. मान दुखवून घेतली माझ्यापायी."

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. माझी बायको ज्या नजरेने बघत होती, तसं तिने लग्नानंतर एकदाही बघितलं नव्हतं, आणि माझा मुलगा जेवायचं सोडून माझ्याकडे टक लावून बसला होता. साडू माझ्या पानापाशी आला आणि खाली वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला. सगळ्यांच्या देखत. त्याचं टक्कल पडायला लागलं आहे, ते मला तेव्हा वरून दिसलं.

मला अजूनही बोलता आलं असतं. मी त्याचे खांदे धरून उठवलं आणि म्हणालो, "अहो, असू द्या."

माझ्या जागी तो असता, तर त्याने खरोखरच माझ्यासाठी तपकिरी सोडून काळी घेतली असती. घेतलीच होती त्याने, मनात. मला जे श्रेय मिळत होतं ते त्याच्याच मनातलं होतं, त्याने मला आपल्यासारखा समजून दिलेलं. इतका हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता.

सासूबाई तुपाचं भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, त्याचं पान ओलांडलं, सगळी पंगत चालून माझ्यापाशी आल्या आणि पहिली धार माझ्या पानात सोडली, पोळी पूर्ण भिजेपर्यंत.

मी मान खाली घालून ती पोळी खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत.